पथारी आणि पऱ्हाटी

[दृश्य : नंदुरबार, सकाळ. जमिनीवर पसरलेली लाल मिरची.]

नंदुरबारची मिरची पथारीवर वाळते. आभाळाखाली, उघड्यावर. ऊन असलं तर काळजी नाही. अवकाळीचे ढग दिसले की ताडपत्र्यांसाठी पळापळ. भिजलेली मिरची काळी पडते आणि भावही पडतो.

[दृश्य : शेताच्या बांधावर पेटलेला ढीग.]

त्याच दिवसांत शेतात कपाशी उपटणं चाललेलं असतं. थोड्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चुलीला जातात, बाकीच्या बांधावरच पेटतात. बोंडअळी पुढच्या हंगामात नको, म्हणून ढीग ठेवूनही चालत नाही. एकीकडे उष्णता वाया, दुसरीकडे तिचीच वाट पाहणं.

[दृश्य : इंजिनाचं रेखाचित्र.]

1816 साली स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग या पाद्र्याने एका इंजिनाचं पेटंट घेतलं. बंद नळकांड्यात कोंडलेली हवा; एक टोक विस्तवाला, दुसरं गार. हवा तापली की फुगते, दट्ट्या ढकलते. गार टोकाला गेली की आकसते. खरी करामत मधल्या भागाची. तारेच्या जाळीसारखा हा भाग जाणाऱ्या हवेची ऊब धरून ठेवतो आणि परतताना तिलाच देतो. हल्ली हवेऐवजी बहुधा हेलियम भरतात.

विस्तव इंजिनाच्या बाहेर, त्यामुळे जाळायला पऱ्हाटी चालते, तुरीची काडी, तुराटीही चालते. काडीचा गॅस करून इंजिनात सोडायचा, तर आधी त्यातलं डांबर काढत बसावं लागतं. इथे ती कटकट नाही. केळीचे खांब मात्र नकोत, त्यांत नुसतं पाणी.

[दृश्य : काट्यावर पऱ्हाट्यांची मोळी.]

आता हिशेब. दहा किलो वाळक्या पऱ्हाट्यांत, विजेच्या मापाने मोजली तर, साधारण 45 युनिट उष्णता. लहान इंजिन त्यातून चार-पाच युनिट वीज काढेल. एवढीच? हो. पण धुराड्यातून जाते ती सोडली, तरी निम्म्याहून जास्त उष्णता गार टोक थंड ठेवणाऱ्या पाण्यात उतरते आणि गरम पाण्याच्या रूपाने हाती राहते. मिरचीतलं एक लिटर पाणी उडवायला पाऊण युनिटही लागत नाही. त्या गरम पाण्यावर हवा तापवायची आणि इंजिनाच्याच विजेवर पंखा फिरवून ती मिरचीच्या खोलीत सोडायची. लाइट गेली तरी पंखा चालू.

[दृश्य : राखेने माखलेल्या नळ्या.]

अडचणी आहेतच. इंजिन महाग, हेलियम सांध्यांतून निसटतो. शिवाय पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश असतं. भट्टी जास्त तापली तर राख मऊ होऊन इंजिनाच्या तापत्या टोकाच्या नळ्यांना चिकटते आणि वीज उतरते. मग भट्टी विझवून कुणीतरी ब्रश घ्यायचा आणि एकेक नळी घासत बसायचं.