मृगजळ: कॅमेऱ्यात उतरणारं खोटं पाणी

[दृश्य: मे महिना, भर दुपार. माळावरचा सरळ डांबरी रस्ता.]

अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत तालुका. समोरचा रस्ता लांबवर ओला दिसतोय. येणाऱ्या एसटीची लाल सावली त्यात उलटी थरथरतेय. आपण चार पावलं पुढं गेलो की पाणीही तेवढंच पुढं सरकतं.

मृगजळ.

जवळच रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. मृग म्हणजे हरीण, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. पण मुळात हा शब्द फार ऐसपैस होता. जुन्या संस्कृतात कुठलंही रानटी जनावर म्हणजे मृग. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि शिकार ती मृगया. पुढं अर्थ आक्रसत हरणापाशी येऊन थांबला.

[दृश्य: तापलेल्या डांबरावर हलणारी हवा, अगदी जवळून.]

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मृगजळाची दोन नावं शेजारी शेजारी दिली आहेत: मृगतृष्णा आणि मरीचिका. मरीचि म्हणजे किरण. एक नाव तहानेवरून पडलं, दुसरं उजेडावरून, आणि दोन्ही किती नेमकी आहेत! जमिनीलगतची हवा तापून विरळ होते. वरून येणारे किरण तिथं वाकतात, पुन्हा वर वळतात आणि थेट आपल्या डोळ्यांत शिरतात. रस्त्यावर चमकतो तो आभाळाचाच तुकडा. त्याचं पाणी करते ती तहान.

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ हा श्लोक अनेकांना तोंडपाठ असेल. भर्तृहरीच्या नीतिशतकातला हा श्लोक वामन पंडितांनी १७व्या शतकात मराठीत आणला. त्यात मृगजळाचं पाणी आणि सशाचं शिंग अशक्य गोष्टी म्हणून एकाच पंगतीला बसतात. श्लोकात ते शोभतं. पण सशाचं शिंग कुणी कधी पाहिलेलं नाही, आणि मृगजळ तर आत्ता आमच्या कॅमेऱ्यातही उतरलंय. अद्वैत वेदान्तानं हा फरक काटेकोर जपला. सशाचं शिंग ते ‘असत्’. मृगजळ ते ‘मिथ्या’: दिसतं, पण जवळ गेल्यावर उरत नाही.

[दृश्य: भरून आलेलं आभाळ. तोच रस्ता.]

७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो. गावात म्हणतात, मृग लागला. पाऊस वेळेवर आला, तर याच रस्त्याच्या कडेला पाणी साचतं, आणि बांधावरच्या ओल्या मातीतून लाल मखमली मृगाचा किडा हळूहळू चालत निघतो.