आधी तारा चढवा

विषय तुम्हाला ठाऊक आहे: जुनी, दुर्मिळ हॉलो-बॉडी इलेक्ट्रिक गिटार समोर आली तर घ्यावी की सोडावी. इथे बसलेले बहुतेक जण वाजवणारे आहेत, म्हणून पिकअप म्हणजे तारांची कंपनं पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग, इथपासून सुरुवात करत नाही. थेट माझ्या आग्रहावर येतो. गिटार बघायला गेलात की वर्ष, मॉडेल, सिरियल नंबर हे सगळं बाजूला ठेवा. आधी तारा पूर्ण सुरात चढवा, गिटार थोडा वेळ तशीच राहू द्या, आणि मग व्यवहाराचं बोला.

का, ते सांगतो. ही गिटार आतून खरोखर पोकळ असते. 1958 साली गिब्सन या अमेरिकन कंपनीची ईएस-335 आली, तिच्या पोटात मधोमध लाकडाचा सलग ठोकळा आहे. गिटार उत्तमच, पण पूर्ण पोकळ नाही, म्हणून आज तिच्याबद्दल बोलत नाही. आपलं घराणं म्हणजे गिब्सनच्याच पूर्ण पोकळ गिटारी: 1936 ची ईएस-150, 1949 ची ईएस-175, 1951 ची एल-5 सीईएस. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनने ईएस-150 हातात घेतली आणि जॅझमधली गिटार साथीतून उठून सोलोला पुढे आली. यावर मी तासभर बोलेन, पण आज नको. तर या गिटारींचा ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी, चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबावरच तो जागी उभा राहतो. जाड तारांचा संच सुरात लावला की एकूण ओढ 60-70 किलोच्या घरात जाते. नेक, म्हणजे गिटारची मान, आणि टेलपीस, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवलेला भाग, ती ओढ धरून ठेवतात, आणि तिचा काही भाग ब्रिजमधून खालच्या पातळ, कमानदार फळीवर सतत दाब देत राहतो. फळीला आतून आधार असतो तो ब्रेसचा, म्हणजे चिकटवलेल्या लाकडी पट्ट्यांचा. इतकी वर्षं हा भार वाहिल्यावर फळी खचली का, ब्रेस सुटला का, नेक पुढे ओढली गेली का, हे तारा ढिल्या असताना कळणार कसं?

आणि नेमक्या ढिल्याच ठेवतात! एका विक्रेत्याकडे पन्नाशीच्या दशकातली एक सनबर्स्ट गिटार बघायला गेलो होतो. देखणी. केस उघडली तेव्हा मी क्षणभर काही बोललोच नाही. हातात घेतली तर तारा दोन स्वर तरी उतरवलेल्या. मी खुंटीला हात लावला, तर म्हणाले, "नको नको, जुनी आहे, ताण देऊ नका." बरं, म्हटलं, एफ-होलमधून, म्हणजे फळीवरच्या f आकाराच्या छिद्रातून, आत बघू का? दातांचे डॉक्टर वापरतात तसला दांडीचा आरसा मी खिशात बाळगतो. "आरसा कशाला? विश्वास नाही का?" असं म्हटल्यावर माणूस ओशाळतोच, आणि तिथेच बरेच ग्राहक गप्प बसतात. मी बसलो नाही. ब्रिजकडे बघा म्हटलं. उंची कमी-जास्त करणाऱ्या त्याच्या दोन्ही चकत्या पार तळाला टेकल्या होत्या, म्हणजे खाली जायला जागाच उरली नव्हती. बऱ्याच मनधरणीनंतर तारा चढवू दिल्या. सूर लागला, आणि बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी, तारा बघता बघता वर उचलल्या गेल्या. जाड तारेवर खालचा जी वाजवला की पोटातून कर्र असा आवाज. ते म्हणाले, जुनं लाकूड असंच बोलतं. लाकूड असं बोलत नाही हो! सुटलेला ब्रेस बोलतो. माझ्यानंतर जो कुणी ती गिटार घ्यायला गेला असेल, त्याने तारा चढवल्या असतील का, हा विचार आजही मला छळतो. वाजवायचं वाद्य आणि त्याला सुरात येऊ द्यायचं नाही, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, आणि घ्यावी की नाही हे राहिलंच. भराभर सांगतो.

सुटलेला ब्रेस एफ-होलमधून हात घालून पुन्हा चिकटवता येतो. भाव कमी करून घ्या, पण तेवढ्यासाठी गिटार सोडू नका. नेक पुढे ओढली गेली असेल तर ती काढून पुन्हा बसवणं मोठं काम आहे, तो खर्च किमतीतून वजा होत नसेल तर नको. फळी खचली असेल तर माझ्या मते सोडाच. सेल्युलॉइडची बाइंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, भुसभुशीत झाली असेल, आंबट वास येत असेल, तर जवळचा धातूही गंजत जातो. ग्रेच कंपनीच्या जुन्या गिटारींवर हे खास तपासा.

पिकअपच्या मागच्या लेबलावर भिस्त ठेवू नका, नकली लेबलं मिळतात. सोल्डरचे सांधे आणि पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचा, तारीख-कोड बघा. 1965 च्या सुमारास गिब्सनचा नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, अरुंद झाला, तेव्हा आपली बोटं त्यात मावतात का ते पाहा. फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा असेल आणि गिटार परदेशातून यायची असेल, तर 1992 पासून ते लाकूड साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे. कागद आधी, पैसे नंतर.

स्वतःचा ॲम्प घेऊन जा आणि आपण बँडमध्ये वाजवतो त्याच आवाजात वाजवा. एल-5 सीईएससारखी कोरीव स्प्रूस लाकडाची फळी लवकर फीडबॅक देते, म्हणजे ॲम्पच्या आवाजाने स्वतःच घुमू लागते, ईएस-175 ची प्लायची फळी जास्त सोसते. आणि दुर्मिळपणा? काही मॉडेल दुर्मिळ आहेत ती केवळ त्या काळी खपली नाहीत म्हणून. पुन्हा रंगवलेली, खुंट्या बदललेली, पण सुरात घट्ट उभी राहणारी गिटार संग्राहक नाकारतात आणि तिचा भाव बराच उतरतो. वाजवायला हवी असेल तर तीच घ्या, आणि उरलेल्या पैशांत फ्रेट नवे घाला.