मोत माउलीला घातलेलं साकडं

[वांद्र्याचा डोंगर, सप्टेंबर. मेणाच्या वस्तूंची दुकानं.]

हा हात मेणाचा आहे. शेजारी पाय, डोळ्यांची जोडी, पाळण्यातलं बाळ, छोटंसं घर. परदेशी जायचं असेल तर विमानही मिळतं. ज्याचं जे अडलंय ते मेणात घडवून मिळतं, आणि ते हातात धरून लोक डोंगर चढतात.

८ सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर इथे जत्रा असते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक, येतात, कोळी येतात, वसईकर येतात. झेंडूचा हार घेऊन हिंदू बाया येतात. कोण कुठल्या धर्माचं, हे रांगेत कुणी विचारत नाही. खाली कडियो-बोडियो हा गोड खाऊ आणि खजुराचे ढीग लागलेत.

[मूर्ती, जवळून.]

ही माउंट मेरी. कोळ्यांची मोत माउली. लाकडी मूर्ती पोर्तुगालहून जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात आणली. १७०० साली अरब चाचे डोंगरावर आले. मूर्तीच्या हातातली वस्तू त्यांना सोन्याची वाटली, म्हणून त्यांनी तिचा उजवा हातच कापला. पुढे मराठ्यांच्या मोहिमेच्या धामधुमीत डोंगरावरचं चर्च गेलं. १७६० च्या सुमारास ते पुन्हा उभं राहिलं. मधल्या काळात एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि समुद्रात तरंगणारी मूर्ती सापडली, असं कोळीवाड्यात सांगतात. ती दुसरी मूर्ती. इतिहास आणि आख्यायिका इथे एकमेकींत इतक्या मिसळल्यात, की आम्ही त्या वेगळ्या करत बसलो नाही. आता दिसतंय ते चर्च १९०४ चं. १९५४ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्याला बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला.

जिचा हात कापला गेला, तिच्यापुढे लोक मेणाचे हात आणून ठेवतात.

[जपमाळ. सरकणारे मणी.]

या बोटांकडे लक्ष द्या. एका मण्याला एक ‘नमो मरिया’. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातला आहे: देवदूताचा नमस्कार आणि एलिझाबेथचे उद्गार. त्यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचं भांडण नाही. प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनेही १५२२ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकात तो ठेवला; फक्त बजावलं की ही स्तुती समजा, मागणं नव्हे. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र मागणं येतं. देवमाते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. हे शब्द आजच्या रूपात १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्के झाले. वाद आहे तो इथे.

कॅथलिक माणसाला विचारलं तर तो म्हणेल, आम्ही मरियेची आराधना करत नाही. आराधना देवाची. संतांना मान, आणि मरियेला त्यांच्यात सर्वांत मोठा मान. तिच्याकडे मागायचं ते एवढंच, की तिने आमच्यासाठी प्रार्थना करावी. माझ्यासाठी प्रार्थना कर असं शेजारच्या मावशीला सांगतोच ना, मग देवाच्या आईला का नाही? काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूला आधी सांगायला तीच गेली होती.

[अहिल्यानगर. चर्चचा अंतर्भाग.]

अहिल्यानगर, म्हणजे जुनं अहमदनगर. अमेरिकन मराठी मिशन हे प्रॉटेस्टंट मिशन इथे १८३१ मध्ये आलं. कॅमेऱ्याला इथे फारसं काम नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय. भिंती मोकळ्या. एक क्रूस, त्यावर देह नाही. व्यासपीठावर उघडं बायबल. मेणबत्तीचा धूर नाही, रांग नाही.

इथला युक्तिवाद तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रावर उभा आहे: देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त. मावशी जिवंत आहे, तिला ऐकू येतं. मरियेला हाक मारा, असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग या परंपरेत गायले जातात, आणि त्यांत आई आहे ती खुद्द ख्रिस्ताच्या रूपात. वेगळ्या आईकडे जायची गरजच उरत नाही.

पण एक गोष्ट दोन्हीकडे फारशी सांगितली जात नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, ल्यूथरपंथीयांनी लिहिलं, संतांचं स्मरण करा, त्यांचा धावा करू नका. पुढच्या वर्षी त्याच कबुलीच्या समर्थनात ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने मान्य केलं, की मरिया चर्चसाठी प्रार्थना करते. ती आपल्यासाठी प्रार्थना करते का, हा प्रश्न तिथेच मिटला होता. उरला तो एवढाच, की आपण तिला हाक मारायची का. पाचशे वर्षांचा दुरावा एवढ्या जागेत मावतो. आम्हाला तरी ही जागा फार मोठी वाटत नाही. तिला ऐकू कसं येतं, याचं उत्तर कॅथलिक लोक प्रकटीकरणाच्या पुस्तकातून देतात: स्वर्गातल्या चोवीस वडीलधाऱ्यांच्या हातात धूपाच्या सोन्याच्या वाट्या, आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. प्रॉटेस्टंटांना हा पुरावा पुरेसा वाटत नाही.

[पुन्हा डोंगर. मेणबत्त्यांचा भाव, पैसे मोजणारे हात.]

डिसेंबर १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने ठराव केला, की संतांना विनवणं चांगलं आणि उपयुक्त आहे. त्याच ठरावात बिशपांना हुकूम आहे: यातली अंधश्रद्धा काढून टाका, पैशाचा लोभ बंद करा. पहिला भाग कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणात शिकवतात. दुसरा जत्रेत येताना कुणी सोबत आणत नाही. नवस बोलताना मरियेने देवाकडे शब्द टाकावा, एवढंच मनात असतं का? की देणारी तीच, असं वाटतं? या गर्दीत दोन्ही तऱ्हेचे लोक आहेत.

२००५ मध्ये अँग्लिकन आणि कॅथलिक धर्मपंडितांच्या संयुक्त आयोगाने म्हटलं, की संतांना प्रार्थना करायला सांगणं हे एकमेकांपासून फुटून राहण्याचं कारण नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकननेच सांगितलं, की मरियेला ‘सहतारक’, म्हणजे ख्रिस्ताच्या जोडीने तारणारी, म्हणणं उचित नाही. या दोन परंपरांतल्या लोकांची आपसात लग्नं होतात, आणि मग घरात जपमाळ म्हणायची की नाही, हे बहुतेक सासूच ठरवते.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये मरियेची नोव्हेना, म्हणजे ठरावीक विनवणीची प्रार्थना, असते. दर बुधवारी, दिवसभर.