बालवाडीच्या दारातून पहिलीच्या वर्गात

(दृश्य : सकाळ. पूर्व भागातील अरुंद गल्ली. यंत्रमागांचा आवाज.)

सोलापूरच्या पूर्व भागात दिवस उजाडतो तो यंत्रमागांच्या खडखडाटात. रात्रपाळी करून निघालेले माग कामगार घराकडे वळत असतात आणि त्याच गल्लीतून विडी कामगार बायका कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात. आदल्या दिवशी घरी वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या, त्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला पडताना पाहायच्या आणि नवे पान व तंबाखू घेऊन परतायचे, हा त्यांचा रोजचा क्रम. आज मात्र त्यांपैकी काहींची पावले आधी शाळेकडे वळली आहेत. आज १५ जून आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत शाळेचे नवे वर्ष सुरू होण्याचा दिवस. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे यानंतर उघडतात. ऊन सोलापुरातही काही कमी नसते, मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, पण ती सवलत काही आपल्या वाट्याला आलेली नाही.

आपण ज्या शाळेत आलो आहोत ती पहिली ते चौथीपर्यंतची मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. बैठी इमारत, मध्ये फरशी घातलेले अंगण, एका कोपऱ्यात कडुलिंब आणि कडुलिंबाच्या पलीकडे एका खोलीची बालवाडी. फाटकाला आंब्याच्या पानांचे तोरण लागले आहे. हलगी वाजवायला चौथीतल्या एका मुलाचे काका आले आहेत. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे पाऊल कुंकवाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर उमटवले जाते आणि त्याखाली नाव व तारीख लिहिली जाते. एका मुलाने ठसा उमटल्यावर पाय उचलून तळवा पाहिला, तो लाल दिसला, आणि आपल्याला लागले असे वाटून त्याने भोकाड पसरले. बाईंना हे नवे नाही. त्यांनी शेजारच्या बादलीवर ओले फडके आधीच टाकून ठेवले होते. पाय पुसला, तळवा पुन्हा तळव्यासारखा झाला, आणि मूल गप्प बसले. या सोहळ्याची छायाचित्रे दुपारपर्यंत वर पाठवायची असल्यामुळे एक शिक्षक हातात मोबाइल घेऊनच उभे आहेत. त्या गडबडीत त्यांना मुलांकडे बघायला फारशी सवड मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

(दृश्य : पहिलीचा वर्ग. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता.)

खरे तर या वर्षाची सुरुवात एप्रिलमध्येच झालेली आहे. जी मुले ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सहा वर्षे पूर्ण करणार आहेत, त्यांची यादी करण्यासाठी शिक्षक गल्लोगल्ली फिरतात. पट राखायचा तर फिरावेच लागते, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळायची ते, ठरते, आणि पट घटला तर शाळेतले एखादे शिक्षकपद जाते. यादीतल्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. २०२२ पासून राज्यभर ‘पहिले पाऊल’ या नावाने हे मेळावे होत आहेत. अंगणात सात टेबले मांडलेली असतात. पहिल्यावर नावनोंदणी होते. पुढच्या टेबलांवर मूल उडी कशी मारते, कागदाला घडी घालते का, रंगांप्रमाणे वस्तू वेगळ्या करते का, अनोळखी माणसाशी बोलते का, चित्र पाहून काय सांगते, मोजण्याच्या आधीचे कमी-जास्त त्याला कळते का, हे पाहिले जाते. शेवटच्या टेबलावर, घरी मुलाकडून काय करून घ्यायचे ते आईला समजावून सांगितले जाते. मुलाच्या हातात एक विकासपत्र पडते आणि त्यावर कोणती कृती त्याने आपली आपण केली, कोणत्या कृतीला मदत लागली, याची नोंद असते.

यंदाच्या मेळाव्यात भाषेच्या टेबलावर जे घडले ते येथे सविस्तर सांगण्याजोगे आहे. टेबलावर मांजराचे चित्र होते. टेबलामागे बसलेल्या बाई दुसऱ्या जिल्ह्यातून नुकत्याच बदलून आलेल्या होत्या. त्यांनी चित्रावर बोट ठेवून, ‘हे काय आहे?’ असे विचारले. मुलाने लगेच उत्तर दिले, ‘पिल्लि.’ बाईंना ते ‘पिल्लू’ ऐकू आले. ‘हो, पण कोणाचे पिल्लू?’ असे त्यांनी हसून विचारले. मूल त्यांच्याकडे पाहत राहिले. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. मुलाने मान खाली घातली आणि त्यानंतर पुढच्या दोन चित्रांविषयी ते एक अक्षर बोलले नाही. विकासपत्रावर भाषेच्या रकान्यात ‘मदत लागते’ अशी नोंद झाली. तेलुगूमध्ये मांजराला ‘पिल्लि’ म्हणतात. त्या मुलाने मांजर बरोबर ओळखले होते आणि त्याचे नावही बरोबर सांगितले होते.

सोलापुरात असे घडणे स्वाभाविक आहे. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून येथे राहत आहेत. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे ज्या गिरण्या उभ्या राहिल्या त्यांत या माणसांनी काम केले, गिरण्यांचे भोंगे बंद पडले तरी घरातले माग चालू राहिले, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, आणि सोलापुरी चादर हे नाव देशभर गेले. घरातली भाषा मात्र तेलुगूच राहिली. अक्कलकोटकडच्या आणि दक्षिण सोलापुरातल्या कित्येक घरांत कन्नड बोलली जाते, तर काही गल्ल्यांत दख्खनी ढंगाची उर्दू चालते. महापालिकेच्या शाळाही मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या आहेत. तरीही बरेच पालक पुढच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा विचार करून मुलाला मराठी माध्यमात घालतात, आणि तसे केल्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच उरतो की घरातल्या भाषेतून शाळेच्या भाषेत मुलाला हात धरून कोणी न्यायचे.

(दृश्य : कडुलिंबाखालून कॅमेरा बालवाडीच्या दाराकडे.)

आज पहिलीत बसलेल्या मुलांपैकी जी या समोरच्या खोलीतून आली आहेत ती पाहताक्षणी ओळखू येतात. दप्तर कोठे ठेवायचे, चपला कोणत्या भिंतीला लावायच्या, लघवीला जायचे असेल तर कोणते बोट वर करायचे, हे त्यांना सांगावे लागत नाही. घरून सरळ पहिलीत आलेली मुले दाराच्या चौकटीला धरून उभी आहेत, आणि एक मुलगी ‘अम्मा एक्कड?’ म्हणजे ‘आई कुठे?’ असे ज्याला त्याला विचारते आहे. वय दोघांचे सारखेच, गल्लीही एकच. फरक पडला तो दोन वर्षांचा, आणि तो पडला अंगणाच्या पलीकडच्या त्या एका खोलीत.

त्या खोलीत आज काय चालले आहे ते पाहू. तीन ते सहा वर्षांची मुले सतरंजीवर बसली आहेत, म्हणजे बसवली आहेत. त्यांतली निम्मी पुन्हा उठली आहेत. बालवाडीच्या बाई याच भागात वाढलेल्या असल्यामुळे त्यांना तेलुगू समजते आणि गरजेपुरती बोलताही येते. एक मूल ‘नीळ्ळू’ म्हणाले. बाईंनी त्याला लगेच तांब्या दिला आणि देता देता, ‘नीळ्ळू हवे? हे घे पाणी,’ असे म्हटले. ‘नीळ्ळू नाही, पाणी म्हण,’ असे त्या म्हणाल्या नाहीत. दिवसभरात त्या अशी पन्नास वाक्ये बोलतात आणि प्रत्येक वाक्यात मुलाचा एक शब्द आणि शाळेचा एक शब्द शेजारी शेजारी ठेवतात. आधी मुलाचे ऐकायचे, त्याची गरज भागवायची आणि मग त्याच वस्तूला दुसरे नाव द्यायचे, ही त्यांची रीत कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत शोभून दिसेल. विचारले तर त्या एवढेच म्हणतात की, ‘पोराला तहान लागलेली असताना त्याला मराठी शिकवायची का?’

(दृश्य : मुलांचे हात. पाटी. पेन्सिलीचा तुकडा.)

मोठ्या गटातल्या मुलांपुढे पाट्या आहेत. अक्षरे अजून काढायची नाहीत. उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि गोल एवढेच. एका मुलाने पेन्सिलीचा अर्धा तुकडा खाऊन टाकला आहे आणि ओठांना पांढरी पूड लागलेली असतानाही पेन्सिल हरवल्याचे तो सांगतो आहे. बाईंनी त्याला दुसरी पेन्सिल दिली, आणि संध्याकाळी त्याच्या आईला रक्त तपासून घ्यायला सांगावे असे मदतनीस ताईंना बजावले. पेन्सिल खाणाऱ्या मुलाच्या अंगात रक्त कमी असू शकते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

महाराष्ट्रात बालशिक्षणाची परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते वाढवले. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात नेली पाहिजे, या ताराबाईंच्या विचारातून अंगणवाडी हा शब्द मिळाला. केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तो शब्द देशभर रूढ झाला. एवढी परंपरा असूनही कायद्याची भाषा लहान मुलांच्या बाबतीत हात आखडता घेते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क देतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी २००२ च्या दुरुस्तीनंतर राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये जे म्हटले आहे ते असे की, राज्य त्यांच्या संगोपनाची व शिक्षणाची सोय करण्यासाठी प्रयत्न करील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत स्तर मानली हे खरे, पण या अंगणात आजही कडुलिंबाच्या अलीकडच्या बाईंना वेतन मिळते आणि पलीकडच्या बाईंना मानधन. पाया जिच्या हातून घालून घ्यायचा तिलाच सर्वांत कमी द्यायचे, हा हिशेब आम्हांला अद्याप समजलेला नाही.

विडी कामगार आईच्या दृष्टीने तर ही खोली शिक्षणाआधी सांभाळण्याची जागा आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्यापुरती. विडी घरोघरी वळली जाऊ लागली, तेव्हा सूप आईच्या मांडीवर आले आणि मूल त्या सुपाच्या शेजारी, तंबाखूच्या धुरळ्यात. सकाळी हात मोकळे मिळाले तर ती दुपारपर्यंत किती विड्या वळू शकते, याचे गणित तिला तोंडपाठ असते. म्हणूनच बालवाडीची वेळ अर्ध्या तासाने बदलली तरी फाटकाशी बायकांची गर्दी होते आणि, ‘अक्का, जरा थांबा, सांगते,’ असे म्हणत बाईंना एकेकीची समजूत काढावी लागते. २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. मुलांच्या झोपेचा विचार त्यात होता आणि तो योग्यच आहे, मात्र आईच्या कारखान्याची वेळ त्यामुळे बदलली नाही.

(दृश्य : पुस्तकांचे वाटप.)

अकरा वाजता पुस्तके वाटली जातात. २०२५–२६ पासून पहिलीला नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके आली आहेत. पाठ्यपुस्तकांवर दिसणारा क्यूआर कोड मात्र सोलापूर जिल्ह्याला विशेष जवळचा आहे, कारण माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केलेल्या प्रयोगातून तो पाठ्यपुस्तकांत आला, आणि याच कामासाठी २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हेही सोलापूरकर आवर्जून सांगतात. या वर्गातल्या घरांची स्थिती अशी आहे की मोबाइल बहुधा वडिलांकडे आणि वडील मागावर. तेव्हा कोडमागची गोष्ट मुलाला ऐकायला मिळते ती रात्री, तीही जागे असले तर.

मधल्या सुट्टीत खिचडी शिजून तयार असते. पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, आणि त्यातून व डाळ-भाजीतून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे. आज पहिला दिवस म्हणून सोबत शिराही आहे. मेळाव्यात गप्प झालेला तो मुलगा ताट घेऊन भिंतीला टेकून बसला आहे. मांजराचे चित्र दाखवणाऱ्या बाई आता त्याच्या वर्गशिक्षिका आहेत. त्यांनी दुपारच्या आत बालवाडीच्या बाईंकडून तीस तेलुगू शब्द वहीत उतरवून घेतले आहेत आणि पहिला शब्द ‘पिल्लि’ आहे. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि भिंतीवरून चाललेल्या मांजराकडे बोट दाखवून त्यांनी तो शब्द उच्चारला. उच्चार चुकला. मुलाने तो सुधारून सांगितला आणि पुन्हा खिचडी खाऊ लागला.

(दृश्य : बालवाडीचे दार.)

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा बालवाडीच्या दारात गर्दी दिसली. या वर्षी तेथून पहिलीत गेलेली बारा मुले, एकही न चुकता, परत तेथेच येऊन उभी राहिली होती. काहींनी तर चपलाही जुन्या जागी काढून ठेवल्या होत्या. बाई उंबऱ्याशी आल्या, एकेकाच्या चपला त्याच्या हातात दिल्या, समोरच्या वर्गाकडे बोट केले आणि दार आतून लावून घेतले. थोडा वेळ कोणी हलले नाही. मग एक मुलगी निघाली आणि तिच्या मागोमाग बाकीची. खिडकीच्या गजांमागे बाई उभ्या होत्या. बारावे मूल पहिलीच्या दारातून आत गेले, तेव्हा त्या आत वळल्या, कारण सतरंजीवर कोणीतरी पुन्हा ‘नीळ्ळू’ म्हणत होते.