ओळखीच्या माणसाचा मेसेज

‘अरे सॉरी, मोठा घोळ झालाय माझ्याकडून. एका फसवणाऱ्याची तक्रार करायला गेलो आणि चुकून तुझंच गेमचं अकाउंट रिपोर्ट झालं. आता ते बंद करणार म्हणतायत. या अ‍ॅडमिनशी लगेच बोल, मी सांगून ठेवलंय.’

हा मेसेज इथल्या किती जणांना आलाय? बघा, किती हात वर आहेत. मी मुद्दाम याच्यापासून सुरुवात केली, कारण फिशिंग, म्हणजे सोंग घेऊन पासवर्ड काढून घेणं, म्हटलं की आपल्याला फुकटचं आमिष आठवतं. फोर्टनाइटचे व्ही-बक्स फुकट, रोब्लॉक्सचे रोबक्स फुकट, फक्त इथे लॉगिन करा. गेममधले असे पैसे पाडणारं ‘जनरेटर’ कुठेही नसतं, एवढं सांगून मी तो विषय संपवतो. पण या मेसेजमध्ये आमिषच नाही. भीती आहे, घाई आहे आणि वर मित्राची दिलगिरी आहे. चिडावं की घाबरावं हे ठरायच्या आत आपण त्या ‘अ‍ॅडमिन’शी बोलायला लागलेलो असतो. तो पडताळणीच्या नावाखाली कोड मागतो, नाहीतर अकाउंटचा ईमेलच बदलायला लावतो. कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमचे कर्मचारी डिस्कॉर्ड या चॅटच्या ठिकाणी येऊन कुणाची प्रकरणं मिटवत नाहीत. पण हे आठवायला डोकं शांत लागतं, आणि ते शांत राहू नये याचीच तर सगळी तयारी असते.

मेसेज आलेला असतो तो खरोखर मित्राच्याच अकाउंटवरून. यातली मेख ही आहे. त्याचं अकाउंट आधीच गेलेलं असतं आणि चोर आता त्याची मित्रयादी एकेक करून उपसत असतो. तुमच्या जुन्या गप्पा त्याला वाचता येतात. तुम्ही एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारता तेही त्याला दिसतं.

युक्ती जुनी आहे. १९९०च्या दशकात एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या सेवेवर हेच चालायचं: कंपनीचा माणूस असल्याचं सोंग घेऊन चॅटमध्ये पासवर्ड मागायचे. ‘फिशिंग’ हा शब्दही त्याच काळातला. तेव्हा फुकट इंटरनेट मिळवण्यासाठी अकाउंट चोरायचे, आज आतल्या मालासाठी चोरतात. २०१३ मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुकांच्या स्किन, म्हणजे रंगीत सजावटी, आल्या, त्यांचा बाजार उभा राहिला आणि चोरीला धंद्याचं रूप आलं. डिसेंबर २०१५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्वतःच सांगितलं, की दर महिन्याला सुमारे ७७,००० अकाउंट लुटली जातात. त्याच निवेदनात पुढे असंही होतं, की हे लोक नवखे किंवा भोळे नाहीत, त्यांत व्यावसायिक खेळाडू आहेत, वस्तूंचा व्यापार करणारे आहेत. म्हणून ‘इतकंही कळलं नाही का’ हे वाक्य मला आवडत नाही. कळणाऱ्यांचीच गेली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही पत्ता नीट बघतो. चांगलं आहे. खोट्या पत्त्यात एखादं अक्षर पुढेमागे केलेलं असतं. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरं चिकटून ठेवली तर ‘एम’ वाटतात, पटकन कळत नाही. पण समजा कळलं. मग २०२२ मध्ये गाजलेल्या एका प्रकाराचं काय करायचं? मित्र सांगतो, आमच्या टीमला मत दे. तुम्ही पानावर जाता, ‘स्टीमने साइन इन करा’ दाबता, एक छोटी खिडकी उघडते. वर पत्ता आहे, अगदी बरोबर. शेजारी कुलूप आहे. फक्त ती खिडकी नाहीच. ते त्याच पानावर काढलेलं खिडकीचं चित्र आहे, आणि पत्ता हा त्या चित्रातला मजकूर. डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी इथे उपयोग नाही, कारण चुकीचं असं काही दिसतच नाही. कॉम्प्युटरवर एक परीक्षा करता येते: ती खिडकी पकडून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहा. खरी असेल तर बाहेर येईल, चित्र असेल तर कडेला अडेल. फोनवर ही सोय नाही.

म्हणून मी डोळ्यांपेक्षा पासवर्ड मॅनेजरवर जास्त भरवसा ठेवतो. त्याला रंग आणि बोधचिन्हं दिसत नाहीत, पानाचा खरा पत्ता तेवढा दिसतो. एरवी आपोआप पासवर्ड भरणारा हा गडी एखाद्या पानावर गप्प बसला, तर आपणही हात मागे घ्यायचा. चिडून स्वतः पासवर्ड टाइप करायचा नाही. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या उपकरणात साठवलेली किल्ली, असेल तर उत्तमच, ती दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही.

‘पण ओटीपी आहे ना?’ आहे, आणि असायलाच हवा. मात्र खोट्या पानावर तुम्ही टाकलेला कोड चोर त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकू शकतो. क्यूआर कोडचं तसंच. ‘पडताळणीसाठी स्कॅन करा’ म्हणून दाखवलेला कोड चोराच्या स्क्रीनवरचा लॉगिन कोड असू शकतो. स्कॅन करून होकार दिलात की तो आत. ‘माझा नवा गेम खेळून बघ’ म्हणून आलेल्या फाइलला तर पासवर्डही लागत नाही. ती ब्राउझरमधली कुकी, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केल्याची खूण, उचलते. रोब्लॉक्सने आपल्या कुकीच्या सुरुवातीलाच इशारा लिहून ठेवलाय, की ही कुणाला देऊ नका. दिली तर तो माणूस तुमच्या नावाने आत येईल.

स्टीमवर व्यापार करणाऱ्यांसाठी आणखी एक. काही वेळा चोर आत शिरल्यावर लगेच काही नेत नाही. तुमच्या नावाने एक एपीआय की, म्हणजे प्रोग्रामला तुमचे सौदे बघू-हाताळू देणारी किल्ली, काढून ठेवतो आणि वाट पाहतो. तुम्ही मित्राशी सौदा केलात की खरा प्रस्ताव रद्द होतो आणि तेच नाव, तोच फोटो लावलेल्या दुसऱ्या अकाउंटकडून प्रस्ताव येतो. फोनवर संमती तुम्हीच देता! म्हणून पासवर्ड बदलून थांबू नका, अशी की आहे का ते पाहा आणि तुम्ही न काढलेली सापडली तर रद्द करा.

मी स्वतः एकच सवय लावून घेतली आहे. आलेल्या दुव्यावरून कुठेही लॉगिन करत नाही. अकाउंट बंद होणार असेल तर मी माझ्या नेहमीच्या वाटेने, अ‍ॅप उघडून आत जातो. खरी सूचना तिथे असतेच. आणि मित्राला फोन करतो. चॅटवर विचारून उपयोग नाही, तिथे उत्तर चोरच देणार.

एका आईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मुलाचं अकाउंट गेलं, त्याने दोन दिवस सांगितलंच नाही. आता काय करू?’ आधी ईमेल ताब्यात घ्या, त्याचा पासवर्ड बदला, मेल परस्पर दुसरीकडे जाण्याचा नियम कुणी लावलाय का तेही पाहा. ‘खेळून बघ’वाली फाइल उघडली असेल तर हे सगळं दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून करा. मग गेमच्या अधिकृत सपोर्टकडे जा. खरेदीच्या जुन्या पावत्या आणि अकाउंट उघडतानाचा ईमेल शोधून ठेवा, मालकी सिद्ध करायला तेच लागतं. परत मिळालं की सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट. आणि तो दोन दिवस का बोलला नाही, हे त्याला एकदा विचारा. बहुतेक मुलांना अकाउंटपेक्षा खेळणं बंद होण्याची भीती असते. त्या दोन दिवसांत त्याच्या वर्गातल्या किती जणांना ‘अरे सॉरी’ गेलं असेल, तेही आजच विचारून घ्या.