गोरेपणाचे गिऱ्हाईक

मित्रमैत्रिणींनो, जाहिरातींवर बोलायचे म्हटले की साबणापासून सोनेतारण कर्जापर्यंत सगळेच समोर येते आणि हाती काही लागत नाही. म्हणून आज मी एकच वस्तू निवडली आहे: गोरे करण्याचे आश्वासन देणारे क्रीम. हिंदुस्तान लिव्हर कंपनीने १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. त्यातला मुख्य घटक नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींकडून ते त्वचेच्या वरच्या पेशींपर्यंत पोचते, ती पोचवणूक हा घटक काहीशी मंदावतो. परिणाम बेताचाच, आणि लावणे थांबवले की ओसरणारा. रसायन म्हणून पाहिले तर वस्तू सौम्य आहे. तिच्याभोवती जे सांगितले गेले ते मात्र सौम्य नव्हते. आज त्वचारोगतज्ज्ञांकडे जे बिघडलेले चेहरे येतात, त्यांतल्या बऱ्याच चेहऱ्यांची वाट या सांगण्यातूनच गेलेली आहे, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खोटाही नाही. गोऱ्या रंगाचे वेड काही जाहिरातींनी आणलेले नाही. पोर गोरे व्हावे म्हणून गरोदर बाईला केशराचे दूध देणारी घरे टेलिव्हिजन येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. स्थळांच्या माहितीपत्रकात उंची आणि शिक्षण यांच्या जोडीला ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी उतरंड असते. तिथे सावळी मुलगी सहसा ‘गव्हाळ’ लिहून मोकळी होते. सावळ्या विठ्ठलापुढे डोके टेकवून आलेल्या घरातच सावळ्या लेकीच्या लग्नाचा घोर लागलेला असतो, आणि यात काही विसंगती आहे असे कुणाला वाटत नाही. तेव्हा पूर्वग्रह जुनाच. जाहिरातीने त्याचे काय केले, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

तिने त्याला मोजपट्टी दिली. या क्रीमच्या खोक्यावर पुष्कळ वर्षे एकाच चेहऱ्याची दोन रूपे असायची, एक काळवंडलेले आणि एक उजळ. आणि सोबत गडद ते फिकट अशा छटांची पट्टी असायची, चेहऱ्याशेजारी धरून पाहण्यासाठी. (कंपनीने हे दोन्ही २०१९ मध्ये काढून टाकले.) पट्टी दिसायला साधी, पण तिने एक मोठा बदल केला. रंग हा नशिबाचा भाग होता तोवर सावळ्या मुलीची कीव केली जायची. काही आठवड्यांत आणि थोडक्या रुपयांत तो बदलता येतो असे ठरल्यावर तिला दोषही देता येऊ लागला. ‘स्वतःकडे जरा लक्ष दे’ हे वाक्य तिच्या वाट्याला आले ते तेव्हापासून. पट्टी हाती आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी रोज सकाळी आरशात आपला चेहरा न पाहता आपली घसरण किंवा प्रगती पाहते, आणि इतरांनी तिला काही म्हणण्याची गरजच उरत नाही.

आता एक जाहिरात जवळून पाहू. या शतकाच्या सुरुवातीला ती टेलिव्हिजनवर लागायची. घरात पैशाची ओढाताण आहे, साध्या चहा-कॉफीचीही पंचाईत आहे, आणि बाप हळहळतो की आपल्याला मुलगा असता तर बरे झाले असते. सावळी मुलगी हे ऐकते. ती क्रीम लावते, गोरी होते, हवाईसुंदरीची नोकरी मिळवते आणि आईबापांना मोठ्या हॉटेलात कॉफी प्यायला नेते. या गोष्टीत लग्न नाही, हुंडा नाही. मुलगी कमावती होते आणि मुलाची जागा भरून काढते. म्हणजे वरवर पाहिले तर ही स्त्रीच्या स्वावलंबनाचीच गोष्ट आहे, आणि तिची चलाखी नेमकी इथे आहे. शिकून, नोकरी करून आपल्या पायावर उभे राहण्याची जी आस मुलींच्या मनात तेव्हा रुजत होती, ती जाहिरातीने अचूक हेरली आणि तिच्या दाराशी एक ट्यूब ठेवली. मुलीचे शिक्षण काय, तिला कोणती भाषा येते, मुलाखतीत ती काय बोलली, यातले काहीच आपल्याला दाखवले जात नाही. आणि मुलगा हवा होता असे म्हणणाऱ्या बापाला त्या घरात कुणी उलटून बोलत नाही. त्याचे म्हणणे बरोबर धरूनच गोष्ट पुढे सरकते.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार लावून धरली, आणि २००३ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्या दाखवण्याबद्दल वाहिन्यांवर कारवाई केली. यात लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की त्यासाठी नवा नियम करावा लागला नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ चे आहेत, आणि वंश, जात, रंग, पंथ, राष्ट्रीयत्व यांची हेटाळणी करणारी जाहिरात दाखवता येणार नाही, असे त्यांत आधीपासूनच लिहिलेले होते. ‘रंग’ हा शब्द तिथे होता. तो या मुलींनाही लागू पडतो, हे मात्र कुणीतरी पाठपुरावा करीपर्यंत लक्षात घेतले गेले नाही.

पुरुष या साऱ्यातून सुटले असे कुणी समजू नये. इमामी कंपनीने २००५ मध्ये ‘फेअर अँड हँडसम’ आणले. त्याची एक गाजलेली जाहिरात पाहा: तरुण चोरून मुलींचे क्रीम लावताना पकडला जातो आणि त्याची टर उडवली जाते. गोरे व्हायची इच्छा त्यात हास्यास्पद ठरत नाही. बायकांची वस्तू वापरणे हास्यास्पद ठरते. म्हणजे एकाच फटक्यात मुलाला दोन गोष्टी शिकवल्या जातात: तुझा रंग कमी पडतो, आणि बायकी असणे ही लाज आहे. उंची, दंड, छाती, टक्कल यांच्या बाबतीतही पुढे हेच झाले. जिममध्ये पोरे प्रोटीनच्या डब्यांवरून इंजेक्शनांवर जातात, त्याचे मूळ पुष्कळदा अशाच एखाद्या दृश्यात सापडेल.

आता शरीराच्या नुकसानीकडे येतो, कारण ‘जाहिरातीच त्या, कोण एवढे मनावर घेतो’ असे म्हणणाऱ्यांना उत्तर तिथेच आहे. सौम्य क्रीम जाहिरातीइतका फरक पाडू शकत नाही. पण फरक पडायला हवा, आणि तो काही आठवड्यांतच पडायला हवा, हे गिऱ्हाइकाच्या मनात पक्के बसलेले असते. क्रीम उणे पडले की दोष जाहिरातीला न देता माणूस अधिक ‘पॉवरफुल’ काहीतरी शोधू लागतो. मेडिकलमध्ये जाऊन विचारतो. कुणी मैत्रीण, कुणी पार्लरवाली एक छोटी ट्यूब सुचवते. तिच्यात मोमेटासोनसारखे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असते. हे खरे तर वांगाचे औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायचे. पहिल्या काही दिवसांत चेहरा खरोखरच उजळतो, त्यामुळे विश्वास बसतो आणि ट्यूब महिनोन्‌महिने चालू राहते. मग कातडी पातळ होते, गाल लाल दिसू लागतात, बारीक रक्तवाहिन्या उमटतात, पुरळ येते, चेहऱ्यावर लव वाढते. घाबरून लावणे थांबवावे तर आग होते, सूज येते. म्हणून पुन्हा लावले जाते. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना या अवस्थेसाठी ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असे वेगळे नाव द्यावे लागले, आणि मार्च २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घालून चिठ्ठीशिवाय त्यांच्या विक्रीला बंदी केली. ती कितपत पाळली जाते, हे आपापल्या गल्लीतल्या दुकानात पाहावे.

नियमांबद्दल थोडक्यात सांगतो. जाहिरात उद्योगाने स्वतःवर नजर ठेवण्यासाठी १९८५ मध्ये स्थापलेल्या ‘अ‍ॅस्की’ या संस्थेने २०१४ मध्ये सांगितले की सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा मागे पडलेली दाखवू नये. २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाबद्दलही सूचना आल्या. २०२० मध्ये अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद इथवर आले, ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली, आणि ‘शादी डॉट कॉम’ने त्वचेच्या रंगानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली. हे सगळे चांगलेच झाले. पण आता जाहिरात फक्त वाहिनीवर राहिलेली नाही. फोनचा कॅमेरा न विचारता चेहरा उजळ करून देतो, आणि तो पाहून मुलगी आपल्या खऱ्या चेहऱ्याला ‘आधीचे’ चित्र समजू लागते. त्यावर कोणत्या संस्थेकडे तक्रार करणार?

शेवटी पाऱ्याचा विषय. पारा मेलॅनिन तयार होण्यातच अडथळा आणतो, म्हणून तो झपाट्याने गोरे करतो. तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. आपल्याकडे गोरेपणाच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालण्यास मनाई आहे, तरी नाव-गाव नसलेल्या डब्यांतून तो येतच असतो. अकोल्यातल्या एकाच घरातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला, तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीमची तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली आणि त्यात पारा सापडला. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंड विकाराच्या १५ रुग्णांची चौकशी केली, तर त्यांतल्या १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. चौकशी केली म्हणून सांगितले, हे इथे महत्त्वाचे आहे. पायावर सूज आणि लघवीला फेस घेऊन दवाखान्यात गेलेला माणूस चेहऱ्याला काय लावतो ते आपणहून बोलत नाही. एक तर त्याचा संबंध असेल असे त्याला वाटत नाही, आणि वाटलेच तर लाज वाटते. आज इथे डॉक्टर आणि नर्स बसले आहेत, म्हणून विनंती करतो: अशा रुग्णाला, मग तो पुरुष असला तरी, तोंडाला काय लावता हे विचारा आणि डबा घेऊन यायला सांगा. घरात कुणाकडे स्टेरॉइडची ट्यूब सापडली तर ती हिसकावून फेकू नका, अचानक बंद केल्यावर त्रास वाढतो. त्या ट्यूबसकट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते ती कशी थांबवायची ते सांगतील.