पहिल्या ऑइलची बाटली

(दृश्य: कळंबोली, पहाट. ट्रेलरच्या रांगा.)

कळंबोलीचं स्टील मार्केट. कॉइल उतरवायला आलेले ट्रेलर रात्रभर इथेच उभे आहेत. त्यांच्यात ही एक नवी कोरी गाडी. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, डॅशबोर्डवर गणपती मात्र बसलाय. आज तिचं पहिलं ऑइल बदलायचं आहे, आणि निघालेल्या ऑइलचा नमुना तपासणीसाठी बाटलीत घ्यायचा आहे.

(दृश्य: गाडीखाली मिस्त्री. ड्रेन नट.)

चालक गाडी फिरवून आलाय, इंजिन गरम आहे. हे महत्त्वाचं, कारण गार इंजिनात धातूचा कण तळाशी बसतो आणि बाटलीत येतच नाही. नट सुटतो. काळी धार ट्रेमध्ये पडते.

‘मामा, थांबा. पहिली धार जाऊ द्या.’

मिस्त्री सांगतात, गाडीचे मालक बाटली मागे घेतात. पहिल्या धारेबरोबर चेंबरच्या तळाचा गाळ येतो, शेवटच्या धारेबरोबरही येतो. घ्यायची ती मधली धार, कोरड्या, स्वच्छ बाटलीत. साधारण शंभर मिली पुरतं.

आता हा नट बघा. त्याच्या टोकाला चुंबक आहे आणि चुंबकावर करडी साय धरली आहे. मिस्त्री ती दोन बोटांत चोळतात. मऊ लागते, काजळासारखी. बोटाला टोचली असती, तर गोष्ट वेगळी होती.

ही साय म्हणजे नवं इंजिन एकमेकांत बसत असल्याची खूण. पिस्टनवरच्या कड्या, म्हणजे पिस्टन रिंग, सिलिंडरच्या आतल्या नळीवर, म्हणजे लायनरवर, घासून आपली जागा करतात, त्यातून लोखंड निघतं. गॅस्केटला लावलेल्या सीलंटमधून सिलिकॉन येतं, ओतकामाच्या वाळूचा एखादा कण राहिला असेल तर त्यातूनही. ऑइल कूलरमधून तांबं विरघळतं. त्यामुळे पहिल्या रिपोर्टमध्ये आकडे चढेच दिसतात, आणि नेमकं यावर बोट ठेवून अनेक जण सांगतात, पहिल्या ऑइलची तपासणी म्हणजे फुकटचा खर्च, दोन-तीन बदल होऊ द्या, मग बघू.

आम्हाला हे पटत नाही. चढे आकडे उतरतायत की नाही हे कळायला आधी ते किती चढे होते हे माहीत हवं. बाळाचं जन्माचं वजन आपण लिहून ठेवतोच ना! पहिल्या बाटलीवरून निकाल द्यायचा नाही, तिची फक्त नोंद ठेवायची. निकालाची भाषा तिसऱ्या बाटलीपासून.

(दृश्य: बाटलीवर चिठ्ठी लिहिणारा हात.)

गाडीचे किलोमीटर. ऑइलचे किलोमीटर. ग्रेड. मध्ये टॉप-अप केलं का, किती. आणि ही दुसरी बाटली दिसतेय ना? ती नव्या कॅनमधल्या कोऱ्या ऑइलची. कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस कंपनीनेच ऑइलमध्ये घातलेले असतात. मुळात किती होते हेच माहीत नसेल तर खर्च किती झाले ते कसं सांगणार?

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेआड पेटलेला प्लाझ्मा.)

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातली ही प्रयोगशाळा. काचेआडची ही ज्योत आर्गॉन वायूची, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तप्त. पातळ केलेलं ऑइल तीत फवारलं जातं. मिठाचं पाणी गॅसवर उतू गेलं की ज्योत पिवळी होते, ते घरात सगळ्यांनी पाहिलंय. तो सोडियमचा रंग. तसा प्रत्येक धातूचा आपला प्रकाश असतो आणि यंत्र तो मोजतं, दहा लाख भागांत किती भाग या हिशेबाने. १९४६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने डिझेल इंजिनांचे बिघाड असेच ऑइलमधल्या धातूंवरून ओळखले होते.

मोठा कण मात्र या ज्योतीत नीट जळत नाही. पाच-सात मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तुकडे यंत्राच्या नजरेतून सुटतात. म्हणून ऑइल फिल्टरही कापून बघायचा.

(दृश्य: कापलेला फिल्टर, उन्हात पसरलेला कागद.)

घड्या उलगडून उन्हात तिरक्या धरल्या आहेत. चकाकतंय का कुठे? नाही.

(दृश्य: दगडखाण, धुळीतून जाणारे डंपर.)

तिसऱ्या बाटलीतही सिलिकॉन उतरलं नाही, आणि त्याच्यासोबत ॲल्युमिनियम आणि लोखंड चढलं, तर सीलंटला दोष देऊ नका. ही धूळ आत जातेय. एअर फिल्टर आणि त्याच्या पाइपचा क्लॅम्प आधी बघा. तांब्याबरोबर शिसं किंवा कथील आलं तर बेअरिंग झिजतंय. सोडियम, पोटॅशियम आलं तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, ऑइलमध्ये झिरपतोय, आणि तसंच चालवत राहिलात तर इंजिन खोलावं लागतं.

(दृश्य: गॅरेज, संध्याकाळ.)

नवा वॉशर घालून नट पुन्हा बसतो. मालक वहीचं पान काढतात आणि तीन रकाने आखतात. पहिल्यात आजची तारीख आणि किलोमीटर पडतात. उरलेले दोन कोरे आहेत.